अर्ध्या वॅटचा शेजार

२२ जुलै २०२१. चिपळूणहून मावशीचा मेसेज आला तेव्हा इकडे एश्बॉर्नमध्ये पहाटेचे सव्वातीन झाले होते. 'पाणी पायरीपर्यंत आलंय. वरच्या मजल्यावर जातोय. काळजी करू नका.' त्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीही नाही. फोन लागत नव्हता, मेसेजवर एकच टिक. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुणे, न्यू जर्सी, मेलबर्न आणि एश्बॉर्न असे चार ठिकाणचे लोक एकमेकांना टीव्हीवरचे तेच तेच व्हिडिओ पाठवत बसलो होतो. वाशिष्ठीचं पाणी, एसटीच्या आगारात टपापर्यंत बुडालेल्या गाड्या, एका गाडीच्या टपावर आगाराची रोकड सांभाळत तासन् तास बसलेले कर्मचारी. हे सगळं आम्हाला दिसत होतं, मावशी तेवढी दिसत नव्हती.

तुमच्यापैकी अनेकांनी अशी एखादी रात्र काढली असेल. परदेशात राहणाऱ्याला ती चुकत नाही.

मावशी आणि काका सुखरूप होते. पण मला पुढे महिनोन् महिने सतावलं ते वेगळंच. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहत. त्यांना शेजाऱ्यांनी वर नेलं, पण त्यांचं इन्शुलिन फ्रीजबरोबर पाण्यात गेलं. काकांनाही मधुमेह आहे. मावशीने त्यांच्या इन्शुलिनच्या बाटल्या पिशवीत घालून वर आणल्या होत्या. दोन इमारतींमध्ये अंतर असेल तीस-चाळीस मीटर. पण मधून पाणी वाहत होतं, त्याचा आवाज इतका होता की हाक ऐकू जात नव्हती, आणि फोन सगळ्यांचेच मुके. मावशी एकदा गॅलरीत येऊन हात हलवून गेली. समोरच्यांनाही वाटलं, त्या खुशाल आहेत एवढंच सांगतायत. आजोबांचं काय झालं होतं हे तिला पाणी ओसरल्यावर कळलं. ते वाचले, पण पुढचे पंधरा दिवस रुग्णालयात होते.

मी तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधन करते. सहा हजारांहून अधिक किलोमीटरवर बसलेल्या मला मावशीशी रोज बोलता येतं आणि समोरच्या इमारतीला ज्या दिवशी खरी गरज होती त्याच दिवशी येऊ नये, हा मला आधी दैवाचा भाग वाटला होता. मग मी शोधू लागले. हातात मावणारं, कोणत्याही टॉवरशिवाय चालणारं, दोन इमारतींमध्ये बोलण्यासाठी पुरेसं यंत्र ऐंशी वर्षांहून अधिक काळ जगात आहे. आपण त्याला वॉकी-टॉकी म्हणतो. ते पोलिसांच्या खांद्यावर, लग्नाच्या हॉलमधल्या रखवालदाराच्या हातात आणि लहान मुलांच्या खेळण्यांत असतं. घरात नसतं. का नसतं, याला इतिहास आहे, आणि तो जर्मनीचा आणि आपला बराचसा सारखा आहे.

हवेवर कोणाचा हक्क?

भारतात तार कायदा आला १८८५मध्ये. त्याच्या चौथ्या कलमाने तार उभारणं आणि चालवणं हा सरकारचा एकट्याचा अधिकार ठरवला, इतरांना परवानगीने. पुढे बिनतारी यंत्रं आली आणि १९३३चा बिनतारी तारायंत्र कायदा झाला. त्याने नुसतं यंत्र जवळ बाळगायलाही परवाना लागू लागला. तुमच्या आईवडिलांना विचारा, घरातल्या साध्या ऐकायच्या रेडिओसाठीही पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून पुस्तकावर तिकीट लावून आणावं लागे. हे १९८०च्या दशकापर्यंत चाललं. ऐकण्याची ही तऱ्हा, तर बोलण्याचं काय विचारता!

जर्मनीचा हिशेब थोडा वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. नोव्हेंबर १९१८मध्ये पहिलं महायुद्ध हरलेल्या सैन्यातून हजारो बिनतारी चालक परत आले. क्रांतीच्या त्या दिवसांत त्यांच्यातल्या काहींनी बर्लिनमध्ये बातमीकेंद्राचा ताबा घेऊन क्रांती झाल्याचं जगाला सांगून टाकलं. त्या घटनेची सरकारने इतकी धास्ती घेतली की तिला 'फुंकरश्पूक', म्हणजे रेडिओवाल्यांचा भुताटकीसारखा धुमाकूळ, असं नाव पडलं. पुढची सगळी जर्मन रेडिओ-व्यवस्था त्या भीतीच्या सावलीत उभी राहिली. मार्च १९२४मध्ये खास वटहुकूम निघाला आणि विनापरवाना यंत्रासाठी तुरुंगाची शिक्षा आली.

सप्टेंबर १९३९मध्ये या दोन्ही कहाण्या एकाच महिन्यात भेटतात. युद्ध सुरू होताच ब्रिटिश भारतात हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द झाले आणि यंत्रं जमा करायला सांगितली गेली. जर्मनीत नाझी सरकारने १ सप्टेंबरला परदेशी केंद्र नुसतं ऐकणंही गुन्हा ठरवलं. तीन वर्षांनी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२, जागा बदलत बदलत. त्या तरुण मंडळींना शिक्षा झाल्या त्या याच कायद्यांच्या चौकटीत. म्हणजे आपल्याकडे 'रेडिओवरून बोलणारा सामान्य माणूस' ही प्रतिमाच मुळी कटातल्या आरोपीची होती. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, कायदा तोच राहिला.

हे सांगताना सरकारं मूर्ख होती असं मला म्हणायचं नाही. लहरी मर्यादित आहेत, दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचंही कळत नाही, आणि विमानांच्या किंवा रुग्णवाहिकांच्या लहरींवर कोणी गप्पा मारू लागला तर जीव जाऊ शकतो. नियम हवेतच. प्रश्न एवढाच होता की शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलावं यासाठी त्या नियमांत एखादा कोपरा ठेवायचा की नाही.

हातातला रेडिओ

हे यंत्र जन्माला आलं तेच मुळी संकटासाठी. कॅनडात १९३७च्या सुमारास डोनाल्ड हिंग्ज यांनी रानावनात उतरणाऱ्या वैमानिकांसाठी आणि खाणींच्या सर्वेक्षणासाठी उचलून नेता येईल असा बोलण्याचा आणि ऐकण्याचा रेडिओ तयार केला. त्याच काळात अमेरिकेत अल ग्रॉस यांनी आपला नमुना बनवला. दुसऱ्या महायुद्धात मोटोरोला नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने सैन्यासाठी दोन यंत्रं केली. 'वॉकी-टॉकी' हे नाव पाठीवर घ्यायच्या, पंधरा किलोंहून जड यंत्राचं होतं. हातात धरायच्या अडीच किलोंच्या आतल्या यंत्राला 'हँडी-टॉकी' म्हणत. पुढे पहिलं नाव दुसऱ्या वस्तूला चिकटलं.

युद्धानंतर अमेरिकेने नागरिकांसाठी लहरींचा एक पट्टा मोकळा करायचं ठरवलं. १९५८मध्ये २७ मेगाहर्ट्झवर सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी, सुरू झाला. १९७३च्या तेलटंचाईत ट्रकचालकांनी तो डोक्यावर घेतला, कारण पुढच्या कोणत्या पंपावर डिझेल मिळेल हे मागच्याला सांगायचं होतं. पुढचा माणूस मागच्याला सांगतो, हेच या यंत्राचं मूळ काम. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जर्मनीत दार दोनदा उघडलं. पहिल्यांदा १४ मार्च १९४९ला, हौशी रेडिओच्या कायद्याने. तो मंजूर करणारी अमेरिकन-ब्रिटिश विभागाची आर्थिक परिषद माझ्या घरापासून लोकलने वीसेक मिनिटांवर, फ्रँकफर्टमध्ये बसत असे. गंमत म्हणजे हा कायदा पश्चिम जर्मनीच्या राज्यघटनेपेक्षा दोन महिन्यांनी थोरला आहे. पण त्यासाठी परीक्षा द्यावी लागे, आजही लागते. दुसऱ्यांदा दार उघडलं १ जुलै १९७५ला. बारा चॅनल, अर्धा वॅट ताकद, परीक्षा नाही. लोक त्याला 'येडरमानफुंक' म्हणत, कोणाही माणसाचा रेडिओ. १९७८ सालच्या अखेरीस उत्तर जर्मनीत बर्फाने गावं तुटली, रस्ते आणि तारा बंद पडल्या, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांच्या जोडीला या 'कोणाही माणसांनी' निरोप पोचवले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे निवृत्त आजोबा त्या १९७५च्या पिढीचे. माझ्या संशोधनाचा विषय कळल्यावर त्यांनी तळघरातून एक खोकं आणलं. त्यात तेव्हाचा सेट, त्याची पावती आणि एक वही होती. वहीत कोणाशी किती वाजता बोलणं झालं याच्या नोंदी. मी विचारलं, काय बोलत होता? ते म्हणाले, "काहीच नाही. आज पाऊस आहे का, तुझं कुत्रं कसं आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण त्यामुळे कोण कुठे राहतं ते माहीत होतं."

आर नदीची रात्र

आता पुन्हा जुलै २०२१कडे. चिपळूणच्या आदल्याच आठवड्यात, १४ जुलैच्या रात्री, एश्बॉर्नपासून गाडीने दोन तासांच्या आत असलेल्या आर नदीच्या खोऱ्यात पूर आला. एका खोऱ्यात १३०हून अधिक माणसं गेली, संपूर्ण जर्मनीत १८०हून अधिक. त्या रात्री इथेही पाऊस होता, आमचा वेस्टरबाख नावाचा ओढा थोडा फुगला आणि मी खिडकी लावून झोपले.

आरच्या वरच्या अंगाला शुल्ड नावाचं गाव आहे. तिथे संध्याकाळीच घरं वाहून गेली. नदी जिथे ऱ्हाइनला मिळते तिथे झिन्त्सिग. दोन्हींमध्ये नदीच्या वाटेने चाळीसेक किलोमीटर. पाण्याला ते अंतर कापायला कित्येक तास लागले. जिल्ह्याने आपत्ती जाहीर करून नदीच्या दोन्ही काठांवरच्या पन्नास मीटरमधल्या लोकांना हलायला सांगितलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. झिन्त्सिगमध्ये नदीपासून त्याहून बऱ्याच दूर असलेल्या एका वसतिगृहात मध्यरात्रीनंतर पाणी शिरलं. तिथे राहणाऱ्या बारा दिव्यांग व्यक्ती बुडाल्या.

ही माहिती नव्हतीच असं नाही. शुल्डच्या लोकांना सगळं माहीत होतं. पण वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले, नदीची पातळी मोजणारं यंत्रच वाहून गेलं आणि आपत्कालीन सेवांच्या डिजिटल रेडिओलाही फटका बसला. माहिती वरच्या गावात अडकली आणि पाणी तेवढं खाली गेलं.

आपल्या लहानपणीच्या इतिहासात या प्रश्नाचं एक उत्तर आहे. घोडखिंडीत बाजीप्रभू लढत राहिले ते विशाळगडावरच्या तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत, असं आपण ऐकत आलो. एकच निरोप, आधी ठरलेला, दूरवर पोचणारा. युद्धकथा म्हणून आपण ती ऐकतो, पण संदेशवहन म्हणून पाहिलंत तर त्यात तीन गोष्टी आहेत: खूण आधी ठरली होती, ऐकणारा कान देऊन होता, आणि मध्ये कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

आरच्या पुरानंतर जर्मनीने धडा घेतला तो मुख्यतः वरून खाली सांगण्याचा. शीतयुद्ध संपल्यावर काढून टाकलेले भोंगे पुन्हा बसू लागले. फेब्रुवारी २०२३पासून सेल ब्रॉडकास्ट आलं, म्हणजे परिसरातल्या प्रत्येक फोनवर एकाच वेळी इशारा. त्याच वर्षी भारतातही अशा चाचण्या झाल्या आणि सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, हे तुम्हाला घरच्यांनी सांगितलं असेल. हे सगळं उत्तमच आहे. पण भोंगा तुमचं ऐकत नाही. समोरच्या इमारतीतल्या आजोबांचं इन्शुलिन वाहून गेलंय हे भोंग्याला सांगता येत नाही.

माळीण, तळीये आणि पानशेत

आपल्याकडची उदाहरणं आणखी बोलकी आहेत. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशे माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं कारण एसटीचा चालक नेहमीची गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. २२ जुलै २०२१च्या संध्याकाळी, चिपळूण बुडालेलं असतानाच, महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक बळी. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

पण मी इथे फक्त एकच बाजू सांगितली तर ती फसवणूक होईल. म्हणून पानशेतही सांगायला हवं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, मग खडकवासलाही, आणि पुण्यात पाणी शिरलं. दिवसाची वेळ होती म्हणून अनेक जण वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी आल्याची आवई उठली. पाणी नव्हतंच, पण लोक जिवाच्या आकांताने पळत सुटले. ती अफवाही शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला सांगितली होती. शेजाऱ्यांचं बोलणं जीव वाचवतं तसं गोंधळही माजवतं. वॉकी-टॉकीवर एक घाबरलेला माणूस बटण दाबून बसला तर बाकी कोणालाच बोलता येत नाही. सरकारांची जुनी भीती अगदीच निराधार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अफवेवर उपाय गप्प बसवणं नाही, ओळख हा आहे. आवाज ओळखीचा असेल, तो कुठल्या इमारतीतून येतोय हे माहीत असेल, 'तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस?' असं विचारायची सवय असेल, तर अफवा पहिल्याच वळणावर अडखळते. जहाजांच्या बिनतारीत एकेकाळी एक सुंदर शिस्त होती. संकटाच्या लहरीवर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प राहायचं आणि फक्त ऐकायचं. बिनतारी खोलीतल्या घड्याळावर ती मिनिटं लाल रंगाने रंगवलेली असत. दुबळा आवाज ऐकू यावा म्हणून ताकदवानांनी थांबायचं, हा नियम मला फार आवडतो.

एश्बॉर्नमधला प्रयोग

२०२२च्या हिवाळ्यात जर्मनीत वीज जाण्याची भीती सगळीकडे होती. गावोगावी वीज गेल्यास कुठे जमायचं याच्या जागा ठरू लागल्या. आमच्या इमारतीत बैठक झाली आणि त्यात एक गोष्ट बऱ्याच जणांना नव्याने कळली. पूर्वी घरच्या फोनला वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून येई, त्यामुळे घरात अंधार असला तरी फोन चाले. आता फोन इंटरनेटच्या राउटरवर चालतो. वीज गेली की तोही गेला. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी फार तर काही तास. फेब्रुवारी २०१९मध्ये बर्लिनच्या क्योपेनिक भागात एका बांधकामात केबल तुटून सुमारे ३१ तास वीज नव्हती, तेव्हा हे घडून गेलं होतं. एप्रिल २०२५मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने तेच देशभर पाहिलं.

मग तळमजल्यावरच्या आजोबांनी सुचवलं तसं आम्ही चार घरांनी चार सेट घेतले. युरोपात १९९८च्या निर्णयानंतर ४४६ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय मोकळा आहे. ताकद अर्धा वॅट, आज सोळा चॅनल. दोन सेटची जोडी दोन माणसांच्या साध्या जेवणाच्या पैशांत येते. अर्धा वॅट म्हणजे तुमच्या मोबाइलच्याच पंगतीतली ताकद. फरक इतकाच की मोबाइल टॉवरशी बोलतो आणि हा थेट दुसऱ्या सेटशी.

एका रविवारी आम्ही गावभर फिरून चाचणी घेतली. एश्बॉर्न हे गाव तसं विचित्र. राहणारे वीसेक हजार, आणि कामाला येणारे त्याहून जास्त. त्यामुळे दक्षिणेला काच-काँक्रीटच्या कचेऱ्या. त्यांच्या मागे गेलं की तीन-चारशे मीटरवरही आवाज तुटत होता. उलट गावाच्या दुसऱ्या अंगाला, युद्धकाळात जिथे लष्करी विमानतळ होता आणि आता झाडांचं उद्यान आहे, तिथून दोन किलोमीटरवरचं सगळं स्पष्ट. लहरी या पट्ट्यात डोळ्यासारख्या वागतात: दिसतं तिथे पोचतात, डोंगर आणि भिंत आली की थांबतात. टाउनुसच्या सुमारे ८८० मीटर उंच ग्रोसर फेल्डबेर्गवर एकदा सेट नेला तर कुठकुठल्या अनोळखी माणसांची बोलणी ऐकू आली.

यातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगते. बोलण्याआधी ऐका. बटण दाबून एक सेकंद थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. नाव आणि जागा आधी, निरोप नंतर, आणि निरोप एका वाक्याचा. बोलून झालं की बटण सोडा. सेटवर 'गुप्त कोड' लिहिलेला असला तरी काहीच गुप्त नसतं. तो कोड फक्त तुम्हाला इतरांचा आवाज लपवतो, तुमचा आवाज इतरांपासून लपवत नाही. म्हणून 'घरात एकटी आहे' असं हवेवर बोलू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चॅनल आणि वेळ आधी ठरवा. दिवसभर सुरू ठेवला तर बॅटरी संपते. दर तीन तासांनी पाच मिनिटं सुरू केला तर कित्येक दिवस पुरते.

आणि हो, हे यंत्र ११२ला पर्याय नाही. त्याच्या दुसऱ्या टोकाला अग्निशमन दल नसतं, शेजारी असतो. पण एखाद्या शेजाऱ्याच्या फोनला रेंज असली किंवा त्याला दलाच्या दारापर्यंत चालत जाता येत असलं, तर तेवढं अनेकदा पुरतं.

बॅगेत काय नेऊ नये

आता तुमच्या मनात आलं असेल तेच माझ्या मनात आलं होतं. पुढच्या खेपेला भारतात जाताना चार सेट बॅगेत टाकावेत आणि मावशीच्या गल्लीला द्यावेत. मी तशी तयारीही केली. मग नियम वाचले आणि सेट इथेच ठेवले.

भारतात २००५मध्ये २७ मेगाहर्ट्झचा सीबी पट्टा आणि २०१८मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवानामुक्त झाला. म्हणजे जो कोपरा हवा होता तो आपल्याकडेही आहे, फक्त फार थोड्यांना माहीत आहे. पण लहर मोकळी असली तरी उपकरणाला सरकारची तांत्रिक मान्यता लागते. २०२५मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांवर विनामान्यता वॉकी-टॉकी विकण्याविरुद्ध नियम काढले, ते याचसाठी. अमेरिकेतल्या वाचकांनी तर जास्त जपायला हवं. तिथले परवानामुक्त एफआरएस सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. ते युरोपात किंवा भारतात वापरणं बेकायदा आहे, कारण त्या लहरी इथे इतर कामांसाठी आहेत. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झ, त्यातला पाचवा चॅनल संकटासाठी राखीव. प्रत्येक देशाचा कोपरा वेगळा. आपल्या सवयीप्रमाणे 'चालतं हो' म्हणून हा माल इकडून तिकडे नेऊ नका. माझ्या गावातच लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या जर्मन नियामक संस्थेचं एक कार्यालय आहे, त्यामुळे मला हा उपदेश करणं भाग आहे.

शेवटी मावसभावाने तिकडेच मान्यतेचा शिक्का पाहून चार सेट घेतले. मी गेले तेव्हा गॅलरीत बसून मावशीला बटण दाबायला शिकवलं. तिने पहिला निरोप दिला तो समोरच्या आजोबांच्या सूनबाईंना: "आज पानात काय आहे गं?" मग माझ्याकडे वळून, "ओव्हर म्हणायचं राहिलं का?"

गल्लीची यादीही केली. कोण तळमजल्यावर राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाला रोजचं कोणतं औषध लागतं, कोणाच्या वरच्या मजल्याची किल्ली कोणाकडे. खरं सांगायचं तर सेट घेण्यापेक्षा ही यादी करायला जास्त वेळ लागला. दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती, पार्किंगवरून. त्यांना एका चॅनलवर आणणं हे अर्ध्या वॅटच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. ते मावशीने केलं, पोह्यांवर.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता चाचणी असते. गेल्या पावसाळ्यात मी व्हिडिओ कॉलवर ती ऐकली. चारपैकी दोघांनीच उत्तर दिलं. एकाची बॅटरी चार्ज नव्हती आणि एकाचा सेट नातवाने खेळायला नेला होता. मावशीने दोघांचीही हजेरी वहीत शून्य लावली आणि मला म्हणाली, संध्याकाळी पुन्हा घेते.

तुम्ही जिथे कुठे राहता तिथे तुमच्या समोरच्या दाराआड कोण राहतं हे तुम्हाला माहीत आहे का? मला एश्बॉर्नमध्ये दोन वर्षं माहीत नव्हतं. इथून सुरुवात करा. सेट नंतर घ्या, आणि तुमच्या देशाचे नियम वाचूनच घ्या.